बरां म्हणजे बाहेर

आमच्या कुडाळात माणूस फोन ठेवताना, भांडण मिटवताना, पाहुण्याला निरोप देताना आणि मयताला पोचवून आल्यावर एकच शब्द बोलतो. बरां. पुण्याकडचे लोक "बरं" म्हणतात, ते ओठावर येतं आणि तिथेच विरतं. आमचं बरां चांगलं तोंड उघडून येतं. मी कुवेतला नर्स म्हणून आले तेव्हा इंग्लिश कामापुरतं येत होतं, हिंदी येत होतं, आणि अरबी फक्त वर्गात घोकलेलं: कुठे दुखतं, श्वास घ्या, तोंड उघडा. पण हात कामात गुंतला की तोंड आपलं आपण मालवणी बोलायला लागतं, त्याला मी काय करणार? सुई टोचताना, पट्टी सोडवताना, बेडपॅन सरकवताना मी म्हणत राहते, "बरां, बरां, झालां हा."

अरबीत बर्रा म्हणजे बाहेर. नुसतं बाहेर नव्हे, चालता हो असंसुद्धा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि इतक्या वर्षांत कोणी मनावरही घेतलं नव्हतं. सिस्टर काहीतरी पुटपुटतेय म्हणून पेशंट सोडून द्यायचे. मनावर घेतलं ते एकट्या बेड फोरने.

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात शहराबाहेरच्या सुलैबिया वस्तीतून आलेला म्हातारा होता. शुगर जुनी, उजव्या पायाचं पाऊल अर्धं काळं. मी पहिली पट्टी सोडवली तेव्हा आतून जो वास आला तो सांगायची गरज नाही. त्याने दात आवळायला हवे होते, पण तोंडात दात नव्हते, नुसत्या हिरड्या आवळल्या. मी सवयीने म्हटलं, "बरां बाबा, बरां." म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मग उठून बसला, हातातली सलाइनची नळी ओढून काढली आणि ते उघडं पाऊल जमिनीवर टेकवून चपला शोधायला लागला. फरशीभर रक्त.

"आवशीक खाव! ओ बाबा, खंय चललात?" मी किंचाळले. वॉर्डबॉय धावत आला, त्याने त्याला धरलं आणि विचारलं, काय झालं. म्हातारा म्हणाला, "सिस्टर बर्रा म्हणाली. जातो. भांडायचं नाही मला."

मला चीड आली ती त्याच्या शांतपणाची. माणसाला हाकललं की माणूस ओरडतो, आईबाप काढतो, निदान रडतो तरी. हा चपला शोधत होता. आयुष्यभर ज्याने हेच ऐकलंय त्याला त्यात नवीन काय वाटणार, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तेव्हा मी त्याला दरडावून बेडवर आडवा केला आणि हिंदीत समजावलं, की बाबा, आमच्या भाषेत बरां म्हणजे चांगलं, ठीक, सगळं ठीक होईल. तो छताकडे बघत विचार करत राहिला. मग बोळक्या तोंडाने असा हसला, असा हसला, की बाजूच्या बेडवरचा माणूस जागा झाला.

तो बिदून होता. बिदून म्हणजे विना. आमच्या वॉर्डात हा शब्द चहाबरोबर फिरतो, चहा बिदून म्हणजे बिनसाखरेचा. आणि माणूस बिदून म्हणजे बिनदेशाचा. इथेच जन्मलेला, इथेच म्हातारा झालेला, इथलीच भाषा बोलणारा, फक्त कुठल्याच देशाच्या यादीत नाव नसलेला. चहावाला पोऱ्या ट्रॉली ढकलत यायचा आणि ओरडायचा, "बेड फोर, चाय बिदून, आदमी बिदून!" सगळा वॉर्ड हसायचा. म्हातारासुद्धा हसायचा. हसला नसता तर चहा मिळायला उशीर झाला असता.

रोज सकाळी त्याची पट्टी बदलायचं काम माझ्याकडे होतं. मेलेलं मांस कातरायचं म्हणजे बराच वेळ जातो, आणि तेवढा वेळ पेशंटला बोलतं ठेवलं की तो हलत नाही. म्हणून मी विचारायची आणि तो सांगायचा. अर्धं अरबी, अर्धं हिंदी. तरुणपणी पाण्याचा टँकर चालवायचा तेव्हा सोबतीला असलेल्या पंजाबी क्लीनरकडून तो हिंदी शिकला होता, त्यामुळे मधूनमधून अशी कडक शिवी यायची की मला कात्री बाजूला ठेवावी लागायची.

त्याचा बाप वाटाड्या होता. बर्र म्हणजे वाळवंट, आणि बर्रमध्ये कुठे गोडं पाणी, कुठे खारं, कुठल्या टेकाडामागे वारा कमी, हे त्या बापाला पाठ होतं. तेव्हा तेल निघालेलं नव्हतं. इथला शेख इथला, पण त्याच्या खांद्यावर इंग्रज साहेबाचा हात, आणि साहेबाला हुकूम यायचा हिंदुस्थानातून. बाजारात रुपया चालायचा. अजूनही ही माणसं सरळ जा म्हणायला "सीदा" म्हणतात आणि पंख्याला "बंका" म्हणतात, ते तेव्हापासूनचं. तर असा एक साहेब बोटीने आला, उंट घेतले, दुर्बीण घेतली, आणि बर्रची मोजणी करायला निघाला. पुढे म्हाताऱ्याचा बाप. मागे साहेबाचा आचारी.

"तो तुमच्याकडचा असणार," म्हातारा म्हणाला.

"माझ्याकडचा कशावरून?"

"तुझ्यासारखाच बर्रा बर्रा करायचा."

झालं होतं असं, की एका मुक्कामी बापाने आचाऱ्याला चुलीसाठी सरपण आणून दिलं. आचारी खूश होऊन म्हणाला, बरां, बरां. बापाला वाटलं हा आपल्याला हाकलतोय. अपमान सहन करून राहील तो वाळवंटातला बदू कसला? आपला उंट सोडवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी साहेब भर उन्हात पाण्याविना गोल गोल फिरत बसला, आणि लांबून बघणाऱ्या बापालाच शेवटी दया आली, तो जवळ आला. साहेबाने म्हणे आचाऱ्याच्या कानाखाली वाजवली. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती खरी की खोटी ते विचारलं नाही. कोकणातला कोणीतरी गरीब आचारी, चुलीपुढे घाम पुसत चांगुलपणाने बरां म्हणतो आणि थोबाडीत खातो. आमच्या नशिबाला हे शोभणारंच आहे.

"मग साहेबाने काय केलं?" मी विचारलं.

"प्रत्येक विहिरीचं नाव बापाला विचारलं. टेकाडांची विचारली. सगळी लिहून घेतली." तो थांबला, कारण मी त्या वेळी हाडाजवळ कातरत होते. "बापाचं नाव काय ते नाही विचारलं."

पुढे साहेब लोकांनी तंबूत बसून नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे हा देश, पलीकडे तो. बापाने ऐकलं आणि रेघ बघायला गेला. वाळूत रेघ नव्हती. पाऊस पलीकडे पडला की ते उंट घेऊन पलीकडे जायचे, अलीकडे पडला की अलीकडे यायचे, आणि कोणी अडवत नव्हतं. मग तेल निघालं, गावाला रस्ते आले, आणि एके दिवशी साहेबाचा झेंडा उतरून इथला झेंडा वर गेला. नवा देश झाला की आपली माणसं कोण हे ठरवावं लागतं. त्याच सुमारास गावात नोंदणी सुरू झाली. साक्षीदार आणा, सांगा तुम्ही कधीपासून इथे, नाव लावा. बर्रमध्ये ही बातमी पोचली तेव्हा उंट चारणारे हसले. आम्ही इथले हे कोणाला सांगायचं? वाळूला?

त्याचा एक धाकटा भाऊ होता. एका आईच्या पोटचे दोघे, एका मांडीवर वाढलेले. नोंदणी चालू होती त्या दिवसांत त्या धाकट्याची दाढ दुखायला लागली. गाल सुजला, ताप आला, म्हणून थोरल्याने त्याला ओळखीच्या ट्रकवर बसवून गावात पाठवलं आणि स्वतः उंटांजवळ थांबला. धाकट्याची दाढ काढली. ज्याच्या घरी तो उतरला होता तो मालक म्हणाला, आलाच आहेस तर चल, नाव लावून टाकू. थोरल्याचं नाव पुढच्या खेपेला लावू असं ठरलं. पुढची खेप आलीच नाही. पुढे विचारणारे वेगळे, नियम वेगळे, आणि थोरल्याला विचारलं जायला लागलं की बाबा रे, तू कुठल्या देशातून आलास आणि तिथले कागद कुठे पुरलेस?

मी कात्री ठेवून दिली. "म्हणजे तो कुवेती झाला दाढ दुखली म्हणून?"

"हो."

"आणि तुमची दाढ?"

"माझे दात फार मजबूत होते," म्हातारा म्हणाला आणि हिरड्या दाखवून हसला. मला हसावं की त्या ट्रॉलीवर डोकं आपटावं ते कळेना.

मी घरी येऊन हे मुलीला सांगितलं. ती इथेच जन्मली, इथेच शाळेत जाते, मी मराठीत बोलते आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. त्याच आठवड्यात तिला शाळेत "कुवेत देश कसा झाला" यावर प्रोजेक्ट होता. तिने छान चित्रं लावली होती, मोती काढायची बोट, साहेब, तेलाची विहीर, झेंडा, सगळं ओळीने. मी म्हटलं, यात दाढेचं घाल ना गो. ती म्हणाली, "मम्मा, दॅट्स नॉट हिस्ट्री, दॅट्स जस्ट सम ओल्ड मॅन." नवरा जेवता जेवता म्हणाला, बरोबर बोलते ती. तो इथल्या राई भागातल्या एका गॅरेजात फोरमन आहे, त्याला माणसांपेक्षा गिअरबॉक्सची कदर जास्त. मी दोघांच्या ताटात आमटी जरा आपटूनच वाढली.

तोपर्यंत म्हाताऱ्याचा पाय हाताबाहेर चालला होता. सर्जनने स्वच्छ सांगितलं, गुडघ्याखाली कापायला हवा, आणि लवकर, नाहीतर विष वर चढेल. म्हातारा म्हणाला, कापा, पण आधी माझ्या भावाला येऊ दे. मी त्याला उभा राहून भेटणार.

त्याचं कारण त्याच्या मुलीने मला सांगितलं. पन्नाशीची विधवा बाई, बाजारात जमिनीवर कापड पसरून मोजे आणि रुमाल विकायची, आणि दुपारी बापाला भात भरवायला यायची. तिने एक वकील गाठला होता. वकील म्हणाला होता, बाकी काही नको, सख्ख्या भावाने मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर स्पष्ट सांगायचं की हा माझ्या आईच्या पोटचा भाऊ आहे. तेवढं मिळालं तर मी नागरिकत्वाचं प्रकरण उभं करतो. बापाचं झालं तर पुढे तिचं, तिच्या मुलांचं काही होण्याची आशा. इतक्या वर्षांत भावाने हे कधी केलं नव्हतं. ईदला यायचा, खजूर आणायचा, मुलांच्या हातात पैसे ठेवायचा, पण साक्षीचा विषय निघाला की उठायचा.

"आता येणार आहे का?" मी विचारलं.

"हो म्हणालाय. उद्या."

तो उद्या काही उजाडेना. रोज सकाळी म्हातारा मला दाढी करायला लावायचा, डोक्याला रुमाल नीट बांधायला लावायचा, आणि दाराकडे तोंड करून बसायचा. रोज फोन यायचा, उद्या, इन्शाअल्ला. काळेपणा घोट्याच्या वर आला. ताप यायला लागला. सर्जन माझ्यावर खेकसला, तुम्ही लोक पेशंटला समजावत का नाही? मी म्हाताऱ्यावर खेकसले. "ओ बाबा, पाय काय भावाला दाखवायला ठेवलाय? काय मेला हट्ट! मराल ना!" तो म्हणाला, "बिन्ती, आयुष्यभर मी त्याच्यापुढे बसून बोललोय. एकदा उभा राहून." बिन्ती म्हणजे माझी मुलगी. मला तो बिन्ती म्हणायला लागला होता, त्यामुळे जास्त ओरडताही येईना.

शेवटी भाऊ आला. पांढरी कडक इस्त्रीची दिशदाशा, म्हणजे इथला पायघोळ झगा, हातात पोवळ्यांची माळ, मागे दोन मुलगे, दोघेही सरकारी नोकरीत. चेहरा बघितला आणि लगेच ओळखला, कारण तो चेहरा मी रोज सकाळी दाढी करताना बघत होते. तेच नाक, तीच डाव्या भुवईची मोड. फरक एवढाच, की ह्याच्या तोंडात पांढरेशुभ्र बसवलेले दात होते. साक्ष कसली मागता? दोघांना शेजारी उभं करा आणि आंधळ्याला विचारा.

म्हातारा खरंच उभा राहिला. मी एका बाजूने, मुलीने दुसऱ्या बाजूने धरलं. त्या कुजलेल्या पावलावर वजन टाकून तो उभा राहिला आणि भावाच्या नाकाला नाक लावून त्यांच्या रीतीने भेटला. मग त्याचा पाय लटपटला आणि आम्ही त्याला बसवलं. भाऊ जवळ बसला. वफ्राला त्याचं शेत आहे, तिथल्या खजुराचा डबा त्याने उघडला. एक खजूर घेतला, बी काढली, बोटांनी कुस्करून मऊ केला आणि भावाच्या तोंडात घातला. दुसरा घेतला, तसाच कुस्करला, भरवला. आई भरवते तसं. मी दुसरीकडे बघायला लागले, कारण माझे डोळे भरले होते आणि मला वाटलं, झालं, आता होणार हे काम.

मुलीने बोलावून ठेवलेला वकिलाकडचा माणूस पुढे आला, त्याने मोबाइल समोर धरला आणि विचारलं, "हा गृहस्थ तुमचा कोण?"

भावाचा हात खजुराच्या डब्यात थांबला. मुलग्यांपैकी एकाने घसा खाकरला. आजकाल ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांचेही पुन्हा तपासले जातात, कोणाचं काय निघेल सांगता येत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. थोरला बाहेरचा ठरला असेल आणि धाकटा त्याचा सख्खा भाऊ असेल, तर धाकटा कुठला? हा प्रश्न त्या खोलीत प्रत्येकाला दिसत होता.

"हा आमच्याकडे असायचा," भाऊ म्हणाला. "उंट चारायचा. चांगला माणूस आहे. लहानपणी कुठून तरी बर्राहून आला होता."

बोटांना अजून खजूर चिकटलेला होता.

मुलीच्या तोंडून आवाज निघाला, तो मला अजून ऐकू येतो. मी म्हाताऱ्याकडे बघितलं. मला वाटलं हा आता त्या पंजाबी क्लीनरची सगळ्यात कडक शिवी काढणार. मी वाट बघत होते, देवाशप्पथ. त्याने तोंडातला खजूर गिळला, मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. उंट मीच चारले."

वकिलाच्या माणसाने मोबाइल बंद केला. भाऊ उठला, म्हाताऱ्याच्या कपाळाला ओठ लावले, डबा तसाच ठेवून मुलग्यांबरोबर निघून गेला. मुलगी बापाला बोल बोल बोलली. मग थकून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

"तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, इन-चार्ज सिस्टर काचेतून बघत होती, बघू दे. "तुमच्या आईचा अपमान केला त्याने, तुमच्या तोंडावर! आणि तुम्ही त्यालाच दुजोरा देता?"

"मी वाद घातला असता तर दोघांची चौकशी झाली असती," म्हातारा म्हणाला. "दोघे बर्रा गेलो असतो. आता एक तरी आत आहे." मग माझ्याकडे बघून, आमच्या कुडाळच्या माणसासारखा, तोंड उघडून म्हणाला, "बरां." आणि पाठ टेकून म्हणाला, "जा, डॉक्टरला सांग कापायला. आता उभं कोणासाठी राहायचं?"

कापला. उशीर झाला होता. विष रक्तात गेलं होतं, ऑपरेशननंतर तो धड शुद्धीवर आलाच नाही. मधे एकदा डोळे उघडून उंटांना हाका मारतात तशी काहीतरी हाक मारली. दोन-चार दिवस मशीनने ओढले आणि एका दुपारी, चहाची ट्रॉली येण्याच्या वेळेला, गेला. मीच त्याचे डोळे मिटवले, जबडा बांधला. उरलेल्या पायाची टाच फुटलेली होती, तिला मी उगीचच तेल लावलं. कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मला माहीत नाही. मला लावावंसं वाटलं.

भाऊ धावत आला. या वेळी उद्या-परवा काही नाही, तासाभरात आला. वॉर्डाबाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकला आणि डोक्यावरचा रुमाल ओढून असा रडायला लागला की दोन्ही बाजूंच्या वॉर्डांतले नातेवाईक बाहेर आले. "या खूई! या खूई!" म्हणजे माझ्या भावा. छाती बडवत होता. "माझ्या आईच्या पोटचा! माझ्या आईच्या दुधाचा! मला ट्रकवर बसवून गावात पाठवलंस रे, आणि तू तिथेच राहिलास!" सगळं बोलला. वकिलाला जे जे हवं होतं ते ते, नावानिशी, आईच्या नावासकट, सगळ्या लोकांसमोर. रडणं खोटं नव्हतं. तेच मला सहन होईना. खोटं असतं तर मी थुंकून मोकळी झाले असते.

म्हाताऱ्याची मुलगी समोरच्या भिंतीशी उभी होती. ती रडत नव्हती. तिने हळूच पर्समधून मोबाइल काढला आणि त्याच्यासमोर धरला.

त्याला मोबाइल दिसला. तोंड उघडंच होतं, पण आवाज बंद झाला. नळ बंद करावा तसा. त्याने रुमालाने डोळे पुसले, इकडेतिकडे बघितलं, आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "फार जुना माणूस होता आमचा. घरच्यासारखा."

माझं डोकं गेलं. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, दाराकडे हात केला आणि माझ्या छातीत होता तेवढा जोर लावून म्हटलं, "बर्रा!"

परदेशी नर्स, इथल्या माणसाला, तेही मयत झालेल्या घरच्या माणसाला, बाहेर हो म्हणते. इन-चार्ज सिस्टर धावत आली, तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काय म्हणालीस तू यांना?"

नोकरी, मुलीची शाळा, नवऱ्याचा व्हिसा, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी हात खाली घेतला, मान वाकवली आणि अगदी मऊ आवाजात म्हटलं, "सिस्टर, आमच्या गावच्या भाषेत बरां म्हणजे ठीक आहे, सगळं ठीक होईल. मी यांचं सांत्वन करत होते."

इन-चार्जने सुटकेचा श्वास सोडला आणि अरबीत त्याला समजावलं. भावाचे डोळे पुन्हा भरून आले. त्याने छातीवर हात ठेवला, माझ्यापुढे किंचित वाकला आणि म्हणाला, "शुक्रन, बिन्ती. देव तुझं भलं करो." मग मुलग्याने त्याला धरून लिफ्टकडे नेलं.

लोक पांगले. म्हाताऱ्याची मुलगी मोबाइल पर्समध्ये ठेवून माझ्याजवळ आली. बापाने तिला ती आचाऱ्याची गोष्ट कितीदा तरी सांगितली असणार, आणि माझीही सांगितली असणार.

"सिस्टर," ती म्हणाली, "माझ्या वडिलांना म्हणायचीस ते बरां का हे?"

"नाही," मी म्हटलं. "हे तुमचं."